मोठेपणी स्नानसंस्कार घेताना: कागद, वाट आणि मधले प्रश्न

तान्ह्या बाळाचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, कसा होतो, हे चर्चला जाणाऱ्या कुणालाही विचारा, सांगेल. चाळिशीला टेकलेल्या माणसाचा कसा होतो, हे मला सांगणारं आमच्या भागात कुणी भेटलं नाही. इंटरनेटवर जे सापडलं ते इंग्रजीत, आणि तेही अमेरिकेतल्या पॅरिशचं, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चचं. म्हणून हे लिहून ठेवतोय. मी अचलपूर तालुक्यातला. थोडा संत्रा, थोडी कपाशी, आणि गावात सेतू केंद्र. दिवसभर लोकांचे फॉर्म भरतो, त्यामुळे कागदाची भीती नव्हती. भीती दुसरीच होती, ती पुढे येईलच. हा कॅथलिक चर्चचा अनुभव आहे. बाकी ख्रिस्ती मंडळ्यांची रीत वेगळी असते.

आधी थोडी पार्श्वभूमी. बायको जन्मापासून कॅथलिक. आमचं लग्न तिच्या चर्चमध्ये झालं. एक जण स्नानसंस्कार न झालेला, म्हणून बिशपांची खास परवानगी काढावी लागली होती. मुलांना तिच्या श्रद्धेत वाढवण्याचं वचन तिनं दिलं आणि मला ते समजावून सांगितलं. मी धर्म बदलावा, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही आणि नंतरही नाही. कितीतरी वर्षं मी तिला आणि पोरांना गाडीवर सोडायचो आणि मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली उभा राहायचो. मग एका पावसाळ्यात आत जाऊन शेवटच्या बाकावर बसलो, आणि बसतच राहिलो. चमत्कार वगैरे काही झाला नाही. ज्यांना तशी गोष्ट हवी असेल त्यांनी दुसरीकडे बघावं.

जुलै 2023 मध्ये फादरांना म्हटलं, मला घ्यायचा आहे. मला वाटलं, फॉर्म देतील. ते म्हणाले, "येत राहा. नाताळपर्यंत काही भरायचं नाही, काही सही करायची नाही." या पहिल्या टप्प्याला चौकशीचा काळ म्हणतात. यात तुम्ही प्रश्न विचारायचे आणि पटलं नाही तर सरळ निघून जायचं. रविवारी मिस्सानंतर तासभर सिस्टर शिकवायच्या. आम्ही मोजकेच होतो: एक नर्स, मेळघाटातलं एक कोरकू जोडपं, नुकतं लग्न ठरलेला एक पोरगा आणि मी. फी नाही. बायबल घरात होतंच. एक टीप इथेच देतो. वही करा, आणि डोक्यात येणारा अडाणी प्रश्नही त्यात लिहा. वर्गात सगळ्यांना सगळं समजल्यासारखं वाटतं, गाडी घराकडे वळली की प्रश्न सुचतात.

माझा अडाणी प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच निघाला. सिस्टरनी इफिसकरांच्या पत्रातला दुसरा अध्याय वाचून घेतला. तारण कृपेनं मिळतं, ते देवाचं दान आहे, कर्मानं मिळवलेलं नाही. माझे बापू वारकरी, आई आजही माळकरी. भक्ती ही काही व्यापार नाही, हे आमच्या कीर्तनातही सांगतात. पण आमच्या घरातला रोजचा हिशोब मात्र पुण्य साठवण्याचा होता. एकादशी केली की जमा, कुणाला तोडून बोललं की खर्च. त्यामुळे मी विचारलं, "फुकट आहे तर मग नाताळपर्यंत थांबायचं कशाला? आणि पुढे ईस्टरपर्यंत कशाला?"

सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, फादरांना विचारा.

फादरांना मी माझ्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढवायचं तर अर्ज, नोंद, नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस आणि मग मंडळ अधिकाऱ्याची सही. पण जमीन काही त्या फेरफारामुळे पोराची होत नाही. बाप गेला त्या दिवशीच तो वारस झालेला असतो, कागद मागून येतो. हे तसंच आहे का? फादरांनी मला रोमकरांच्या पत्रातला आठवा अध्याय काढून दिला. तिथेही शब्द वारसाचाच आहे: आपण मुलं आहोत, म्हणून वारस, देवाचे वारस आणि ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारस. मग म्हणाले, "तुमचं उदाहरण अर्धंच लागू पडतं. वारसा कमवावा लागत नाही, हे बरोबर. पण स्नानसंस्कार म्हणजे नुसती नोंद नव्हे. त्या पाण्यात देव स्वतः काही करतो, असं आपण मानतो. तलाठ्याच्या शाईनं कुणाचा जन्म होत नाही." आणि थांबायचं कशाला? तर आपण कशाला हो म्हणतोय ते कळावं म्हणून. हा वेळ म्हणजे किंमत नाही, एवढं त्यांनी दोनदा बजावलं. मला ते लगेच पटलं नाही. फॉर्म भरणाऱ्या माणसाला फी नसलेल्या कामाचा संशयच येतो.

3 डिसेंबर 2023 हा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार. त्या दिवशी आम्हाला दीक्षार्थी म्हणून स्वीकारण्याचा विधी झाला. तो चर्चच्या दारात होतो, आत नाही. फादर दारात येऊन विचारतात, देवाच्या चर्चकडून काय मागता? उत्तर द्यायचं: विश्वास. विश्वास तुम्हाला काय देतो? सार्वकालिक जीवन. मग कपाळावर, कानांवर, डोळ्यांवर, ओठांवर, छातीवर, खांद्यांवर क्रुसाची खूण करतात. आमच्याकडे हातांवर आणि पायांवरही केली. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी कपाशीच्या वेचणीवर होतो, टाचांना भेगा, भेगांत काळी माती. फादर वाकले, गुडघ्यावर बसले आणि अंगठ्यानं माझ्या पायावर खूण केली. मी पाय मागे घेतला, तर त्यांनी घोटा धरून ठेवला. ज्यांना पुढे हे करायचं आहे त्यांनी चपला सहज निघतील अशा घाला. आणि पाय धुऊन जा, पण नाही धुतले तरी चालतं.

मोठ्यांचा स्नानसंस्कार ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. 2024 चा ईस्टर 31 मार्चला होता आणि मी तोच धरून चाललो होतो. फादर म्हणाले, यंदा नाही. आईला तुम्ही स्वतः सांगितलंय का? आईच्या तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या तारखा पडत होत्या, त्यात हा विषय काढणं बरं दिसलं नसतं. "मग पुढच्या वर्षी," ते म्हणाले. नियमानं सज्ञान माणसाला कुणाची परवानगी लागत नाही, हे त्यांनीच सांगितलं. पण आईला गावातल्या बाईकडून कळलं तर ते कुणालाच नको होतं. मला राग आला होता. आता वाटतं, हे वर्ष मिळालं नसतं तर मधले दोन प्रश्न सुटलेच नसते.

पहिला प्रश्न आईचाच. तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. डोळ्याला हिरवी पट्टी होती. म्हणाली, "काय शिकवते रे ते तिथं?" मी तिला लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पोराची गोष्ट वाचून दाखवली. ही गोष्ट ऐकायला वऱ्हाडातली म्हातारी पाहिजे. धाकटा पोरगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो, म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या गल्लीतच दोन घरं त्यापायी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पोरगा सगळं उडवून, डुकरं राखून परत येतो आणि बाप लांबूनच त्याला बघून धावत सुटतो. "म्हातारा माणूस गावादेखत पळत सुटला?" आईनं विचारलं. हो. अंगठी, झगा, पायात जोडे, जेवणावळ. पोरगा माफीचं भाषण पाठ करून आला होता, ते पुरतं म्हणूही दिलं नाही.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बुढ्यानं बराबर नाही केलं. मोठा पोरगा वावरात राबून राहिला, त्याले बलावलं बी नाही जेवाले."

मी हे रविवारी वर्गात सांगितलं, तर सिस्टर म्हणाल्या, तुमच्या आईनं गोष्ट नेमकी जिथं धरायची तिथं धरली. मोठा भाऊ रुसून बाहेर उभा राहतो, तेव्हा बाप त्याच्यासाठीही उठून बाहेर येतो, त्याची मनधरणी करतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे म्हणतो. एकासाठी धावला, दुसऱ्यासाठी पंगत सोडून उठला. आणि मोठा आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलंच नाही. गोष्ट तिथेच सोडून दिली आहे. मी मोठा भाऊ आहे. बापूंच्या दुखण्यात तीन वर्षं मीच होतो, धाकटा पुण्यात. त्यामुळे देवाचं प्रेम म्हटलं की मला धावणारा बाप आठवत नाही, अंगणात येऊन समजूत काढणारा आठवतो. फुकट मिळण्याचा मला राग का येत होता, हेही तिथेच कळलं. मी माझा हिशोब दाखवायला बसलो होतो आणि तो कुणी मागत नव्हतं.

दुसरा प्रश्न बापूंचा, आणि सुरुवातीला म्हटलं ती भीती हीच. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीच्या पालखीबरोबर जाणारा माणूस, 2022 मध्ये गळ्यात माळ घेऊन गेला. मी या बाजूला आलो आणि तारणाचा रस्ता इकडूनच असेल, तर ते कुठे? बायकोला विचारायचं धाडस झालं नाही. शेजारी अलायन्स या प्रोटेस्टंट चर्चचे एक काका राहतात, कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यातून रिटायर झालेले, माणूस सोन्यासारखा. ते म्हणाले, ते देवाच्या हाती सोड, तू तुझं बघ. आणि तुझं तर आजच होऊ शकतं, विश्वास ठेव, कबूल कर, इतकी वर्षं काय रांगेत उभा आहेस? त्यांचं आणि फादरांचं यावर जमत नाही. पण तारण कृपेनंच मिळतं, या मुद्द्यावर कॅथलिक चर्च आणि प्रोटेस्टंटांपैकी लुथरन महासंघानं 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत ऑग्सबर्गला एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, हे फादरांनीच मला सांगितलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, उशिरा का होईना."

बापूंबद्दल फादरांनी स्वतःचं मत दिलं नाही. कपाटातून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, दस्तऐवज काढला, 21 नोव्हेंबर 1964 चा, त्यातला सोळावा परिच्छेद. इंग्रजी प्रत होती, ते एकेक ओळ मराठीत सांगत गेले. आशय असा की, ज्यांना स्वतःचा काही दोष नसताना ख्रिस्त ठाऊक झाला नाही, पण जे खऱ्या मनानं देवाला शोधतात आणि विवेकाला कळेल तसं त्याच्या इच्छेप्रमाणे वागायला धडपडतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. तेही कृपेनंच, कृपेशिवाय नाही. मी म्हटलं, "मिळू शकतं. मिळतं असं नाही." फादर म्हणाले, "माझ्याबद्दलही चर्च तेवढंच म्हणतं." एवढं ऐकलं आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपलो.

आता कागद. जानेवारी 2025 मध्ये खरी धावपळ सुरू झाली, आणि त्याच वेळी बागेला आंबिया बहाराचं पाणी सोडायचं होतं. आमच्या पॅरिशनं मागितलं ते असं: स्वतःच्या अक्षरात पॅरिश प्रीस्टच्या नावे अर्ज, शाळेचा दाखला, आधारची प्रत, दोन फोटो, लग्नाच्या चर्चमधल्या नोंदीचा उतारा आणि प्रतिज्ञापत्र, की मी हे स्वखुशीनं करतोय, दबाव नाही, आमिष नाही. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचं, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा लागतो. नोटरीचे वेगळे. लग्नाचा उतारा बायकोच्या माहेरच्या पॅरिशमधून आणायचा होता. तिथे एका फेरीत काम झालं नाही, रजिस्टर ज्यांच्याकडे ते बाहेरगावी. फोन करून जा, आणि लग्नाची तारीख लिहून न्या, नुसतं वर्ष सांगून कुणाला नोंद सापडत नाही. लग्न पुन्हा लावावं लागतं का, असं बरेच जण विचारतात. नाही. परवानगीनं रीतसर झालेलं लग्न तसंच राहतं, आणि दोघांचाही स्नानसंस्कार झाला की तेच संस्कार ठरतं.

धर्मपिता, म्हणजे आपल्यासाठी साक्ष देणारा सोबती, लागतो. तो किमान सोळा वर्षांचा, दृढीकरण (स्नानसंस्कारानंतरचा तेल लावण्याचा संस्कार) झालेला, चर्चला जाणारा कॅथलिक हवा, आणि आपले आईबाप चालत नाहीत. माझा साळा झाला. नाव बदलावं लागत नाही. ख्रिस्ती भावनेला न शोभणारं नसलं म्हणजे झालं. मी माझंच ठेवलं, बापूंनी ठेवलेलं.

गावात कळायचं ते कळलंच. पारावर एकानं विचारलं, "किती भेटले बे?" मी म्हटलं, स्टॅम्पचे पाचशे अन् नोटरीचे तीनशे, उलटे माझेच गेले. तो हसला, पण त्याला पटलं असं नाही.

9 मार्च 2025, उपवासकाळाचा, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा, पहिला रविवार. त्या दिवशी सगळ्या पॅरिशांतले दीक्षार्थी अमरावतीला कॅथेड्रलमध्ये बिशपांपुढे जातात. याला निवडीचा विधी म्हणतात. सकाळच्या लालपरीनं निघालो. बायकोचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण, आणि जानेवारीतच भाडं वाढलेलं. तिथे एकेकाचं नाव पुकारतात, धर्मपिता-धर्ममाता साक्ष देतात आणि नाव एका मोठ्या वहीत लिहिलं जातं. मला वाटायचं निवड आपण करतो. बिशप म्हणाले, उलट आहे, आधी तुम्हाला निवडलंय. माझ्या पुढच्या कोरकू आजोबांनी अंगठा उठवला, वहीवर शाईचा डाग पडला, आणि बिशपांनी स्वतःच्या रुमालानं त्यांचा अंगठा पुसला. हे बघायला मी पुन्हा अमरावतीला जाईन.

मग 23 मार्च, 30 मार्च, 6 एप्रिल असे तीन रविवार चाचणीचे. परीक्षा नव्हे, आमच्यासाठी सगळ्यांनी करायची प्रार्थना. तीन दिवशी तीन ठरलेली शुभवर्तमानं: विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस, लाजर. भरदुपारी एकटी पाण्याला येणारी बाई म्हणजे गावानं टाकलेली बाई, हे आमच्या वर्गातल्या बायांनी सिस्टरांच्या आधी सांगितलं. शुभ शुक्रवारी, 18 एप्रिलला, उपवास. एक वेळ जेवण, मांस नाही. आईनं विचारलं, "साबुदाना नाही? मंग काय उपास."

शनिवारी, 19 एप्रिलला, पास्काजागरण, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना. अंधार पडल्यावरच सुरू होतं. अंगणात अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावर क्रूस आणि 2025 हे साल कोरलेलं. मग अंधाऱ्या चर्चमध्ये वाचनं चालतात, उत्पत्तीपासून. दुपारच्या उन्हानं तापलेलं छत, पंखे बंद, माझ्या शर्टाची वाट लागलेली. दोन जोड कपडे न्या, टॉवेल न्या, आणि चष्मा असेल तर आधी काढून कुणाकडे द्या. मी सैतानाला नाकारलं, पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास सांगितला आणि वाकलो. तीनदा पाणी. टाकीचं होतं, कोमट. पांढरं वस्त्र, पेटती मेणबत्ती, मग कपाळावर सुगंधी तेल लावून दृढीकरण, आणि त्याच मिस्सात पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून घ्यायची भाकर. हे तिन्ही संस्कार मोठ्या माणसाला एकाच रात्री देतात. आधी कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, लागत नाही, कारण मागचं सगळं त्या पाण्यातच माफ होतं. आई आली होती. मागच्या बाकावर बसली, माळ बाहेर ठेवून, आणि रात्री साडेअकराला म्हणाली की तुमचं जागरण आमच्यापेक्षा लवकर आटपते.

सोमवारी दुपारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. चहाच्या टपरीवर पारावरचाच तो माणूस म्हणाला, "तुमचे पोप गेले म्हने." गावाच्या दप्तरी माझी नोंद त्या दिवशी झाली असं धरायला हरकत नाही.

दाखला आठवड्यानं मिळाला. फी नाही, स्वखुशीची दानपेटी असते. त्यावरची स्पेलिंगं तिथल्या तिथे आधारशी ताडून घ्या, नंतर दुरुस्तीला पुन्हा अर्ज. चर्चचा दाखला चर्चच्या कामाला. सरकारी कागदावर धर्म बदलायचा तर राजपत्रात सूचना द्यावी लागते. त्याचा ऑनलाइन अर्ज असतो, फी तेव्हाची पोर्टलवर बघा. तो भरण्याआधी जातीच्या दाखल्याचा विचार करा. 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, म्हणून आमच्या कोरकू आजोबांना ती चिंता नव्हती. कायदे बदलतात, वकिलाला विचारूनच करा. मी अजून केलेला नाही.

पहिलं कन्फेशन मात्र आता आलंय, कारण एप्रिलपासूनचं नवं खातं उघडलं आहे आणि त्यात बऱ्यापैकी भर पडली आहे. सिस्टरनी तयारीचा छापील कागद दिलाय. फादर शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा बसतात.